चाळीची बाहेरची भिंत

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गोदीवर लिहिले, गिरण्यांवर लिहिले, संपांवर आणि चळवळींवर लिहिले. चाळींवरही पुष्कळ लिहिले गेले. पण त्यात आले ते बहुधा आतले जग. गॅलरी, नळावरची भांडणे, शेजारधर्म. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस, आणि माझी पात्रेही भिंतीच्या आतच वावरली. परंतु शाळेत मुलांना इतिहास शिकवताना एक साधा प्रश्न मला नेहमी पडतो. भाड्याच्या घराची बाहेरची भिंत कशाची असावी, हे ठरवतो तरी कोण?

स्वतःचे घर बांधणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. कोकणातला माणूस जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत उभारतो, आणि मृगापूर्वी पश्चिमेच्या अंगाला माडाच्या झावळ्यांची झापे बांधून टाकतो. झड कुठून येते हे त्याला ठाऊक असते, कारण त्या झडीत भिजणारा तोच असतो. भाड्याच्या इमारतीत मात्र भिंत निवडणारा एक आणि तिच्यामागे राहणारा दुसरा. सारी कथा इथून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक इमारतींना कुर्ल्याचा आणि मालाडचा घडीव दगड मिळाला. गिरणगावात आणि गिरगावात घरमालकांनी चाळी बांधल्या त्या निराळ्या हिशेबाने. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधल्या पोकळीत विटा, वरून चुन्याचा गिलावा. पावसाच्या बाजूला कुठे कुठे पन्हाळी पत्रेही ठोकलेले असत. हा हिशेब काही वाईट नव्हता. चुना श्वास घेतो. पावसाळ्यात प्यालेले पाणी उन्हाळ्यात सोडून देतो. अट एकच, की दर काही वर्षांनी त्याची डागडुजी व्हायला हवी.

१८९६ साली प्लेग आला आणि सरकारचे डोळे उघडले. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, दाट वस्त्या पाडल्या गेल्या, नव्या चाळी उठल्या. पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई फार वाढली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. बांधून झाल्या सुमारे साडेसोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची.

या इमारतींच्या भिंतींसाठी निवडले गेले ते सिमेंट-काँक्रीट. लाकूड नको, वीट नको, गवंड्याचे कसब नको; साचा लावायचा आणि ओतायचे. काम झपाट्याने होणार, वाळवी लागणार नाही, आग लागणार नाही. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. पण काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री, कामगार पाळीवरून येऊन अंग टाकतो तेव्हा, ते खोलीत सोडते. लोकांनी त्यांना 'सिमेंट चाळी' म्हणून नाव ठेवले आणि तिथे जायला ते नाखूष असत. कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा सरकारने चक्क तुरुंग म्हणून उपयोग केला! घर म्हणून बांधलेली भिंत तुरुंगाला चालली, यापेक्षा तिच्यावर आणखी काय टीका करायची?

तरीही माणसे राहिली, चार पिढ्या राहिली. तिकडे खासगी चाळींवर दुसरेच संकट आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. भाडेकरूला आसरा मिळाला, आणि तो हवाच होता. पण तेवढ्या भाड्यात गिलावा परवडत नाही म्हणून मालकाने हात वर केले. मग गळक्या भिंतीवर सिमेंटचे ठिगळ बसू लागले. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चोपडले की आतला ओलावा कोंडतो, भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजतात, फटीत पिंपळ रुजतो आणि शेवटी टेकू येतात. १९६९ साली उपकर घेऊन दुरुस्तीसाठी मंडळ काढावे लागले, तेव्हा अशा जुन्या इमारती एकोणीस हजारांहून अधिक भरल्या.

वाचकांना वाटेल, ही आपल्याकडचीच रड. तसे नाही. १६६६ च्या आगीत लंडन जळाले, तेव्हा पुढल्याच वर्षी कायदा झाला की घराची बाहेरची बाजू विटेची किंवा दगडाची हवी. त्याला बरोबर ३५० वर्षे झाली असताना, १४ जून २०१७ रोजी, त्याच शहरात ग्रेनफेल टॉवर हा चोवीस मजली मनोरा पेटला. भाड्याने दिलेली नगरपालिकेची घरे ती. वर्षभरापूर्वीच त्याला बाहेरून नवे आवरण चढवले होते. आधी जस्ताचे पत्रे योजले होते. पुढे सुमारे २,९३,००० पौंड वाचतात म्हणून ॲल्युमिनियमचे आले, आणि त्यांच्या पोटात पॉलिथिलीन होते. ७२ माणसे गेली. राहणाऱ्यांतल्या काहींनी आगीच्या धोक्याविषयी आधीच लिहून ठेवले होते.

मी मुलांना सांगतो, दगड, वीट, चुना, पत्रा, काँक्रीट यांत मुळात वाईट असे काही नाही. पॉलिथिलीन पोटात घेतलेला पत्रा तेवढा सोडा. ते निवडताना कोणाचा खर्च मोजला आणि कोणाचा ताप मोजायचा राहिला, एवढे पाहावे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरे मालकीची आहेत. भिंत या खेपेलाही दुसऱ्यांनीच निवडली. पण पहिला पोपडा निघेल तेव्हा काय लावायचे, याची बैठक त्या भिंतीच्या आत भरेल. शंभर वर्षांत ती प्रथमच भरणार आहे.