भीमकाच्या लेकीचे बंड

अद्भुतकथेतील बंडखोर व्यक्तिरेखा एखाद्या प्रतिभावंताच्या एकाच स्फूर्तीतून जन्मास येते, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु जी व्यक्तिरेखा शतकानुशतके लोकांच्या मुखी राहते, तिचे बंड एका लेखणीने घडलेले नसते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने वऱ्हाडात यावे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या तीरावर कौंडिण्यपूर आहे. विदर्भाच्या भीष्मक राजाचे, म्हणजे आपल्या आजीपणजींच्या तोंडच्या भीमकाचे, कुंडिनपूर ते हेच, अशी येथील परंपरा असून, पंढरपुरास आषाढीला जाणारी येथील रुक्मिणीची पालखी ही माहेरची पालखी म्हणून मानाची समजली जाते.

ही रुक्मिणी प्रारंभापासून बंडखोर नव्हती. विष्णुपुराणात तिची कथा थोडक्या श्लोकांत आटोपते : कृष्णाने तिला मागणी घातली, तिच्या भावाने, रुक्मीने, द्वेषापोटी ती नाकारली, शिशुपालाशी विवाह ठरला आणि विवाहाच्या पूर्वदिवशी कृष्णाने तिला हरण करून नेले. तिचेही मन कृष्णावर होते एवढे पुराणकार सांगतो. याहून अधिक तिच्या वाट्याला येत नाही. भागवताच्या दशमस्कंधात मात्र ती स्वतः पत्र लिहिते, आणि त्या पत्रात विनवणीइतकीच मसलतही आहे. विवाहाच्या आदल्या दिवशी आमच्या कुळात नववधूस नगराबाहेरच्या गिरिजेच्या दर्शनास नेण्याची चाल आहे, म्हणजे आप्तजनांचा वध न करता तुला मला नेता येईल, ही तजवीज तीच सुचवते. एवढेच नव्हे, तर राक्षसविधीने वर, असा विवाहाचा प्रकारही तीच ठरवून देते. हरण होणारी कन्या हरणाची योजना आखते, हे स्थित्यंतर कोणी घडविले? माझ्या मते भक्तीने. घरी येणाऱ्यांच्या तोंडून गुणश्रवण करून जिने आपला आत्मा आधीच अर्पण केला, तिच्यावर भावाचा हुकूम चालत नाही. ज्या धर्मकल्पनेने आत्मार्पणाचा अधिकार स्त्रीस दिला, तिनेच आज्ञाभंगाचे बळही तिला दिले.

भूमीचा संस्कारही विसरता येत नाही. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नलाचे रूप घेऊन समोर बसले असता मर्त्य नलालाच माळ घालणारी दमयंती विदर्भाची. कालिदासाच्या रघुवंशात राजामागून राजा ओलांडीत अजापाशी थांबणारी इंदुमतीही विदर्भाचीच. आपला वर आपण निवडणारी राजकन्या रंगवावयाची झाली की कवींना विदर्भ आठवावा, असा संकेतच जणू रूढ झाला होता आणि रुक्मिणी त्या संकेताची धाकटी वारस ठरली. अमरावतीकर तर हरणाचे स्थळही दाखवितात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते अंबादेवीचे मंदिर होय.

हरणाच्या वेळी कृष्णाकडून पराभूत झालेल्या रुक्मीने कुंडिनपुरास परत न जाता भोजकट वसविले, असे भागवत सांगते. अचलपूरजवळच्या चम्मक येथील वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाच्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे. एक सहस्र ब्राह्मणांस गाव इनाम देणाऱ्या त्या सनदेत, त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, अशी अटही घातलेली आहे. बंडाचे भय त्या प्रांती किती जुने होते, हे यावरून दिसते.

परंतु रुक्मिणीस मराठी कंठ मिळाला तो रिद्धपुरात, आणि तेथे थोडे थांबलेच पाहिजे. श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्याने पावन झालेले हे मोर्शी तालुक्यातील गाव तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे केंद्र होते. गोविंदप्रभू अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी निःसंकोच जात. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींनी स्त्रियांना संन्यासाची वाट मोकळी केली होती. आणि संस्कृतात लिहू पाहणाऱ्या पंडितांना चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्यांनी पुढे, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, म्हणून रोखले. अशा वातावरणात अकाली वैधव्य आलेली महदाइसा वावरत होती. ती प्रश्न विचारणारी होती. चक्रधरांना सतत काही ना काही पुसत राहणारी, आणि त्याबद्दल त्यांच्याकडून वाखाणली गेलेली. १२८६–८७ च्या सुमारास वृद्ध गोविंदप्रभूंच्या लग्नाचा लीलारूप सोहळा मांडला गेला, तेव्हा तिने रुक्मिणीहरणाचे धवळे, म्हणजे लग्नगीते, रचून गायिले. जिच्या स्वतःच्या आयुष्यातून लग्नगीते कायमची उठून गेली होती, त्या स्त्रीने स्वेच्छेने वर निवडणाऱ्या राजकन्येचे लग्नगीत गावे, यापरते बंड मला त्या काळात दिसत नाही. रुक्मिणीचे धैर्य तिला बाहेरून कल्पावे लागले नाही. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचा गौरव करतो. तिच्या नायिकेच्या जडणघडणीचा विचार मात्र क्वचितच करतो.

पुढे १२९२ मध्ये नरेंद्राने रुक्मिणीस्वयंवर रचले. रामदेवराव यादवाने ते काव्य आपल्या नावावर मागितले असता कवीने नकार दिला आणि तो महानुभाव झाला, असे पंथाची परंपरा सांगते. नायिकेचा बाणा कवीत उतरलेला येथे दिसतो.

महानुभावांचे वाङ्मय सकळ या सांकेतिक लिपीत बंदिस्त राहिल्याने विसाव्या शतकापर्यंत सामान्य वाचकास ते पारखे होते. घरोघर पोहोचले ते एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेले रुक्मिणीस्वयंवर. त्यातही पत्र आहे, धाडस आहे, भावाची अवज्ञा आहे. पण अकोला-अमरावतीच्या घरांतून, महाराष्ट्रातील इतर घरांप्रमाणेच, त्याचे पारायण उपवर मुलीकडून करविले जाते ते तिचे लग्न लवकर जमावे म्हणून. घरच्यांनी ठरविलेले लग्न जिने मोडले, तिची कथा घरच्यांनी ठरविलेले लग्न जुळावे यासाठी वाचली जावी, हा या व्यक्तिरेखेवर झालेला शेवटचा आणि सर्वांत प्रबळ संस्कार होय. तो मला अन्यायाचा वाटतो.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथील अभ्यासकांनी महदाइसेचे धवळे केवळ भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून शिकवू नयेत. आणि ज्या घरी या वर्षी रुक्मिणीस्वयंवराचे पारायण होईल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पत्राच्या प्रसंगापाशी पोथी क्षणभर थांबवून, आपल्या लेकीला तिचे मत विचारावे.