एसी चालतो, मग रॅम्प का नाही? नागपूरच्या किराया-कायद्याची पाऊणशे वर्षं

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण तुमच्या घरात, गल्लीत किंवा नात्यात कोणी दिव्यांग किरायानं राहत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

"घरमालकानं महिन्याभरात घर खाली करा म्हटलंय. मी व्हीलचेअरवर आहे. कुठं जाऊ?" पत्रकार म्हटलं की असे फोन येतात. लोकांना वाटतं, दिव्यांगांसाठी कायदा झाला आहे, म्हणजे किरायाच्या घराचंही त्यात काहीतरी असेलच. तेच शोधायला मी जुन्या कायद्यांत शिरलो. सापडलं ते थोडं वेगळं होतं, आणि ते आपल्या नागपूरच्या इतिहासात दडलेलं होतं.

सुरुवात १९४९ पासून करू. नागपूर तेव्हा राजधानी होतं. सी. पी. अँड बेरार प्रांताचं सचिवालय इथं, हायकोर्ट इथं, विधिमंडळ इथं. महायुद्धानं घरबांधणी रखडलेली. कारकून, शिपाई, मास्तर नोकरीसाठी शहरात येत होते. त्यात फाळणी झाली आणि सिंधी कुटुंबं आली, जरीपटका वसला. महाल, इतवारी, सीताबर्डी, धंतोली इथं एकेका वाड्यात अनेक बिऱ्हाडं. 

म्हणून १९४६ च्या एका कायद्याच्या आधारे सरकारनं १९४९ साली आदेश काढला. नाव लांबलचक : सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाऊसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर. जुने वकील अजूनही त्याला नुसतं 'रेंट कंट्रोल ऑर्डर' म्हणतात. त्यातलं १३ वं कलम किरायेदारांचा आधार होतं. मालकाला घर खाली करून घ्यायचं तर आधी रेंट कंट्रोलरकडे जाऊन परवानगी घ्यावी लागे. परवानगी मिळाली की मग नोटीस, आणि नोटिशीनंतर दिवाणी दावा. म्हणजे दोन दारं ओलांडल्याशिवाय मालक किरायेदाराच्या सामानाला हात लावू शकत नव्हता. परवानगीची कारणंही ठरलेली होती : किराया थकवणं, पोटकिरायेदार ठेवणं, घराचा भलताच वापर, शेजाऱ्यांना त्रास, किंवा मालकाला स्वतःला राहायला खरोखर गरज असणं.

पण मला त्या आदेशातलं २३ वं कलम जास्त महत्त्वाचं वाटलं. घर रिकामं झालं की मालकानं सरकारला कळवायचं, आणि १५ दिवसांच्या आत डेप्युटी कमिशनर सांगू शकत असे की हे घर अमक्याला द्या. कोणाला? सरकारी नोकराला, फाळणीत विस्थापित झालेल्याला, आणि 'इव्हिक्टेड पर्सन'ला. म्हणजे ज्याला आधीच्या घरातून काढलं गेलं त्याला.

हे नीट समजून घ्या. एका घरातून काढलेला माणूस दुसऱ्या घराचा हकदार असू शकतो, हा विचार याच शहरातल्या कायद्यात लिहिलेला होता. प्रत्यक्षात किती जणांना त्याचा फायदा झाला हा वेगळा विषय. पण घर गेलं की पुढचं तुझं तू बघ, असं तो कायदा म्हणत नव्हता.

त्याच वेळी मुंबई इलाख्यात १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट होता. त्याचंही मूळ युद्धातच. १९१५ साली ग्लासगोमध्ये मेरी बार्बर यांच्या पुढाकारानं बायकांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला, तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. मुंबईत तसा कायदा १९१८ साली आला. १९४७ च्या कायद्यात एक गोष्ट होती जी आपल्या नागपुरी आदेशात नव्हती : तराजू. मालक म्हणतो, मला घराची गरज आहे. ठीक आहे. पण कोर्टानं बघायचं की घर खाली करायला लावलं तर किरायेदाराची अडचण मोठी, की नाही लावलं तर मालकाची मोठी? ज्याचं पारडं जड, त्याच्या बाजूनं निकाल.

दिव्यांग माणसासाठी हा तराजू किती मोलाचा आहे ते वेगळं सांगायला नको. धडधाकट माणसाला घर बदलणं म्हणजे टेम्पो आणि चार दिवसांची दगदग. व्हीलचेअरवरच्या माणसाला तळमजला लागतो, संडासाचं दार रुंद लागतं, उंबरठा ठेंगणा लागतो, मेडिकल जवळ लागतं. आंधळ्या माणसाला गल्ली पायाखालची लागते. वर्षानुवर्षं मोजलेली पावलं नव्या घरी पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

१९५६ साली नागपूरची राजधानी गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्य एक झालं, पण किराया-कायदे तीन राहिले : पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा, आणि आपल्याकडे १९४९ चा आदेश. ४० वर्षं हेच चाललं. पुण्यातल्या किरायेदाराला तराजू होता, नागपूरच्याला दोन दारं होती.

हेही खरं की दोन दारांच्या या पद्धतीनं मालकांचे हाल झाले. कंट्रोलर, अपील, हायकोर्ट, मग परत दिवाणी दावा. म्हाताऱ्या मालकिणीला स्वतःच्या घरातली एक खोली मिळवायला वर्षं घालवावी लागली असतील, हे मी नाकारत नाही. मालक म्हणजे खलनायक असं नसतं. कधी मालकच दिव्यांग असतो. म्हणून तर तराजू लागतो.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बॉम्बे रेंट ॲक्टमधला गोठवलेला भाड्याचा दर आता मनमानी ठरतो. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा लागू झाला. नागपूरचा जुना आदेश गेला. कंट्रोलरचं दार गेलं, 'इव्हिक्टेड पर्सन'ही गेला. बदल्यात मुंबईचा तराजू आपल्याला मिळाला : कलम १६, पोटकलम २.

आता आजच्या कामाचं.

पहिली गोष्ट. तुम्ही भाडेकरू असाल, ठरलेला किराया आणि कायदेशीर वाढ (वर्षाला ४ टक्के) देत असाल, अटी पाळत असाल, तर कलम १५ प्रमाणे मालकाला ताबा मागता येत नाही. कलम १६ मधलं एखादं कारण त्यानं कोर्टात सिद्ध करावं लागतं. थकबाकी असली तरी लेखी नोटिशीनंतर ९० दिवस जाऊ द्यावे लागतात. दावा झाला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याज आणि खर्चासकट पैसे भरले तर थकबाकीसाठी घर जात नाही. नुसतं तोंडी "खाली कर" याला कायद्यात काही किंमत नाही. नागपुरात हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

दुसरी. मालकानं स्वतःची गरज सांगितली तर तराजू मागा. पण तो आपोआप तुमच्याकडे झुकत नाही. १९७९ साली जम्मू-काश्मीरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घर सोडावं लागेल एवढीच अडचण पुरेशी नाही, कारण तसल्या प्रत्येक निकालात कोणाला तरी घर सोडावंच लागतं. दोघांनी पुरावा द्यायचा. म्हणून यूडीआयडी कार्ड, डॉक्टरांचे कागद, घरातल्या सोयींचे फोटो, दुसरं घर शोधलं आणि का मिळालं नाही याची तारीखवार वही, हे सगळं ठेवा. "साहेब, मी अपंग आहे" एवढ्यावर केस उभी राहत नाही. "हे चार वाडे पाहिले, चारही ठिकाणी जिना" यावर राहते. घराचा काही भागच मालकाला देऊन कोणाचीच अडचण होत नसेल, तर तेवढ्याच भागाचा हुकूम करण्याची तरतूदही याच कलमात आहे.

तिसरी. पाणी तोडणं, लाईट कापणं, लिफ्ट बंद करणं. कलम २९ मध्ये पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि साफसफाई यांना 'अत्यावश्यक सेवा' म्हटलं आहे. योग्य कारणाशिवाय ती तोडणाऱ्या मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कोर्ट सेवा परत चालू करायचा हुकूम देऊ शकतं. तिसऱ्या माळ्यावरच्या व्हीलचेअरवाल्यासाठी लिफ्ट बंद करणं म्हणजे न काढता बाहेर काढणंच. जबरदस्तीनं बाहेर काढलंच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

चौथी. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन १५१००.

आता जिथं कायदा तोकडा पडतो तिकडे येतो.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. समाजात राहण्याचा हक्क त्यात आहे, सरकारी घरवाटपात ५ टक्के आरक्षण आहे, चारचौघांत मुद्दाम अपमान केला किंवा धमकावलं तर ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा आहे. सुगम्यतेची बंधनं मात्र मुख्यतः सरकारवर आणि 'आस्थापनां'वर आहेत. सहकारी संस्था त्या व्याख्येत येते, म्हणून सोसायटीकडे रॅम्प-लिफ्टचं बोलता येतं. पण दोन खोल्या किरायानं देणारा एकटा मालक त्या व्याख्येत बसवणं अवघड. आणि किराया-कायद्यात 'दिव्यांग भाडेकरू' असं वेगळं कलमच नाही. सैनिक किंवा शास्त्रज्ञ असलेल्या मालकाला घर लवकर परत मिळावं म्हणून कलम २३ आहे. ते असावंच. पण दुसऱ्या बाजूला कोणाचाच विचार झाला नाही.

आता एसीची गोष्ट. भाडेकरूनं मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर घर जाऊ शकतं. मग कायमचं बांधकाम म्हणजे काय नाही, याची यादी कायद्यानं दिली आहे : लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सिलिंग, एअर कंडिशनर, धुराडं. यादीत रॅम्प नाही. संडासातला धरायचा दांडा नाही. म्हणजे एसी बसवणारा निश्चिंत, आणि दारात सिमेंटचा उतार करणारा वादात सापडू शकतो. म्हणून तूर्त सल्ला एवढाच : मालकाची संमती लेखी घ्या, नाहीतर उचलता येईल असा लाकडी किंवा लोखंडी उतार ठेवा. अमेरिकेत १९८८ च्या दुरुस्तीनं दिव्यांग भाडेकरूला स्वतःच्या खर्चानं असे वाजवी बदल करू देणं मालकावर बंधनकारक झालं. आपल्याकडे यादीत चार शब्द घालायचे आहेत, सरकारला एक पैसा लागत नाही.

आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे ११ महिन्यांचा करार. आज नागपुरात नवीन घर घेतलं की बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स'च होतं. त्यात तुम्ही भाडेकरू नसता, परवानाधारक असता. मुदत संपली की कलम २४ प्रमाणे ताबा द्यायचा, नाही दिला तर दुप्पट रक्कम. मालकाला कारण सांगावं लागत नाही, म्हणून तिथं तराजूच नाही. ज्या तराजूची नागपूरनं ५० वर्षं वाट पाहिली, तो आला तेव्हा लोक त्याच्या बाहेर राहायला गेले होते. म्हणून सही करण्याआधी कागदाचं नाव वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृत करून देणं ही कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाला वेगळं सिद्ध करावं लागतं. पैसे बँकेतूनच द्या आणि पावती मागा, कलम २६ प्रमाणे ती देणं मालकाला भाग आहे.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. दरवर्षी हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात भरतं, मोर्चे आपल्याच रस्त्यावर निघतात. पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदारानं दोनच मागण्या लावून धराव्यात. एक, त्या यादीत रॅम्प आणि आधाराचा दांडा घाला. दोन, दिव्यांग व्यक्तीचा ११ महिन्यांचा करार संपला तर दुसरं घर शोधायला त्याला पुरेसा वेळ द्या. मालकाची मालकी यात कुठंही जात नाही.

१९४९ साली, घरं कमी आणि निर्वासित फार असताना, या शहराच्या कायद्यात घरातून काढलेल्या माणसासाठी एक शब्द होता. आज चारी दिशांना बिल्डिंगा उभ्या आहेत. तेवढा एक शब्द आता परत लिहायला काय हरकत आहे?

पोस्ट ज्याच्या कामी येईल त्याच्यापर्यंत पोचवा. आणि तुमच्याकडे जुन्या रेंट कंट्रोलरच्या काळातले कागद असतील तर जपून ठेवा, रद्दीत देऊ नका.