नागासाकी : दुसऱ्या बाँबचा प्रश्न

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबाँब फुटला. हिरोशिमा बेचिराख होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. युद्ध संपवण्यासाठी अण्वस्त्र वापरणे न्याय्य ठरते का, ही चर्चा सहसा हिरोशिमाभोवती फिरते आणि नागासाकीचे नाव नुसते मागे जोडले जाते. पण पहिल्या बाँबचे समर्थन मान्य केले, तरी दुसऱ्याचा जाब वेगळा द्यावाच लागतो.

दोन्ही बाँबमागे आदेश एकच होता, २५ जुलैचा. ३ ऑगस्टनंतर हवामान साथ देईल तेव्हा हिरोशिमा, कोकुरा, निइगाता किंवा नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला बाँब टाकावा आणि पुढचे तयार होतील तसतसे टाकत जावे, असे त्यात म्हटले होते. क्योतोचे नाव युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी आधीच यादीतून काढायला लावले होते. दुसऱ्या बाँबसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नव्या निर्णयाची गरजच उरली नव्हती. तो ११ ऑगस्टला टाकायचे ठरले होते. त्या सुमारास हवामान बिघडणार असे दिसताच तारीख दोन दिवस अलीकडे आणली गेली. जपानला विचार करायला किती अवधी मिळावा, हे असे ढगांच्या अंदाजावरून ठरले. हिरोशिमात नेमके काय पडले याची खात्री करण्यासाठी पाठवलेले जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिओ निशिना तिथे पोहोचले तेच मुळी ८ ऑगस्टला.

९ तारखेचे पहिले लक्ष्य कोकुरा होते. तिथे लष्कराचा मोठा शस्त्रकारखाना होता. लक्ष्य डोळ्यांनी दिसल्याखेरीज बाँब टाकायचा नाही, अशी वैमानिकांना ताकीद होती. मेजर चार्ल्स स्वीनी यांच्या ‘बॉक्सकार’ विमानाने कोकुरावर तीन फेऱ्या मारल्या, पण ढग आणि धुरामुळे खाली काही दिसेना. इंधन कमी पडू लागले, तसे विमान नागासाकीकडे वळले. तिथेही आभाळ भरलेले होते. ढगांतल्या एका फटीतून सुटलेला बाँब ठरलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, उराकामीच्या खोऱ्यात, एका टेनिस कोर्टाच्या वर सुमारे ५०० मीटर उंचीवर फुटला.

खोऱ्यात मित्सुबिशीचे शस्त्रकारखाने होते हे खरे. त्यांच्या मधोमध घरे, शाळा आणि वैद्यकीय महाविद्यालयही होते. अर्ध्या किलोमीटरवर उराकामीचे कॅथीड्रल होते. बंदीच्या काळात अडीचशे वर्षे लपूनछपून धर्म जपलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वंशजांनी ते उभारले होते. त्या सकाळी तिथे पापनिवेदनासाठी लोक जमले होते. आतले कोणीही वाचले नाही. डोंगरांच्या आडोशामुळे शहराचा बराच भाग बचावला, तरी वर्षअखेरीपर्यंत सुमारे ७४,००० माणसे मेली.

त्याच सकाळी टोकियोत सर्वोच्च युद्ध मंडळाचे सहा सदस्य शरणागतीवर खल करत होते. सोव्हिएत संघाने आदल्या दिवशी युद्ध पुकारले होते आणि मध्यरात्रीनंतर त्याच्या फौजा मांचुरियात घुसल्या होत्या. सम्राटपद टिकावे एवढ्या एकाच अटीवर शरण जावे, असे तिघांचे मत होते. उरलेले तिघे चार अटींवर अडून बसले होते. बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. तीन विरुद्ध तीन ही फूट तशीच राहिली. कोंडी फुटली ती रात्री उशिरा, सम्राट हिरोहितो यांच्या शब्दाने.

दुसऱ्या बाँबच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा असा : अमेरिकेकडे असे बाँब फार नसणार, असे नौदलप्रमुख तोयोदा म्हणत होते आणि नागासाकीने तो आधार काढून घेतला. ओकिनावात १२,००० हून अधिक अमेरिकी आणि दोन्ही बाजूंच्या सैनिकांखेरीज प्रचंड संख्येने नागरिक मेले होते. क्युशूवरची चढाई १ नोव्हेंबरला ठरली होती. जपानच्या ताब्यातल्या आशियातही रोज माणसे मरत होती. हे सगळे तोलून पाहावेच लागते. पण ऑगस्ट आणि नोव्हेंबर यांच्यामध्ये जवळजवळ तीन महिने होते. आठवडाभर थांबल्याने चढाईची तारीख हलणार नव्हती. मांचुरियातल्या हल्ल्याचा आणि हिरोशिमाचा परिणाम बघण्यापुरते थांबणे शक्य होते, आणि ते झाले नाही. १० ऑगस्टला खुद्द ट्रुमन यांनीच, आपल्या स्पष्ट आज्ञेशिवाय तिसरा बाँब टाकू नये, असे बजावले. आणखी एक लाख माणसे पुसून टाकण्याची कल्पना त्यांना असह्य वाटल्याची नोंद वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे.

समर्थनाची आज परिचित असलेली मांडणी पुढे घट्ट झाली. चढाई झाली असती तर एकट्या अमेरिकेचे दहा लाखांवर सैनिक मृत वा जखमी झाले असते, हा आकडा स्टिमसन यांच्या १९४७ च्या लेखाने लोकांच्या मनात रुजवला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या बाँबहल्ला पाहणीने उलटा निष्कर्ष काढला होता : अणुबाँब, रशिया आणि चढाई, तिन्ही नसते तरी १९४५ संपण्यापूर्वी जपान नक्की शरण आला असता. त्या निष्कर्षावर इतिहासकारांनी पुढे बरेच आक्षेप घेतले.

न्यायालयापुढे हा प्रश्न आणला तो बाँबची झळ सोसलेल्या पाच जणांनी, खुद्द जपान सरकारविरुद्ध दावा लावून. ७ डिसेंबर १९६३ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. दोन्ही शहरांवरचे हल्ले लष्करी लक्ष्य आणि नागरिक असा भेद न करता केलेले असल्याने त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यानुसारही बेकायदा होते, असे न्यायालयाने ठरवले. भरपाई मागण्याचा हक्क मात्र वैयक्तिक नागरिकांना नाही, म्हणून दावा फेटाळला गेला.