रोझेलच्या घराचा निरोप

नगर जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांत शनिशिंगणापूर नांवाचें गांव आहे. तेथें उघड्या चौथऱ्यावर सुमारें साडेपांच फूट उंचीची एक काळी शिळा उभी आहे. तिच्यावर छप्पर नाहीं, कळस नाहीं, गाभारा नाहीं. तोच शनिदेव. त्याच्या राखणीवर विश्वास ठेवून या गांवांत पिढ्यान् पिढ्या घरांना चौकटी बसविल्या गेल्या, पण दारें लावलीं गेलीं नाहींत. कडीकोयंडा आणि कुलूप यांचें तर नांवच नको. २०११ सालीं एका बँकेनें येथें शाखा उघडली, तीहि गांवाच्या रिवाजाला मान देऊन, कुलुपावांचून.

या बिनदाराच्या घरांविषयीं बोलतांना सर्वांना आधीं चोर आठवतो. परंतु दार केवळ चोरासाठीं नसतें. तें पाहुण्यासाठींहि असतें. कोणाला आंत घ्यावें, कोणत्या अटीवर घ्यावें, हें दार ठरवितें. आणि आलेल्या माणसाला परत जाऊं देतांना घरधन्याच्या मनाची जी परीक्षा होते, तीहि दारांतच होते. याच जिल्ह्यांतील एका घराण्याची सून एकदां सातासमुद्रांपलीकडच्या एका खेड्यांत पाहुणी म्हणून गेली. तिला उघडलेलें दार आणि तिला मिळालेला निरोप यांची कथा महाराष्ट्रानें ऐकली आहे. पण ती बहुधा पदवीची कथा म्हणून ऐकली आहे. घराची कथा म्हणून ती पुन्हां ऐकण्यासारखी आहे.

गोपाळराव जोशी हे मूळचे संगमनेरचे. टपालखात्यांत नोकरीला होते. स्वभाव हट्टी, तऱ्हेवाईक. पण बायकोला शिकवावयाचें, या एका गोष्टीवर त्यांची निष्ठा अढळ होती. ३१ मार्च १८७४ रोजीं त्यांचा दुसरा विवाह कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुनेशीं झाला. वधूचें वय नऊ वर्षांचें, वर तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं मोठा. सासरीं यमुनेचें नांव आनंदी ठेवण्यांत आलें. चवदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर मूल वांचतें, हा सल तिच्या मनांत राहिला आणि स्त्रियांसाठीं डॉक्टर होण्याचा निश्चय त्यांतूनच उगवला.

गोपाळरावांनीं कोल्हापुरास असतांना वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें. पत्नीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेंत कांहीं सोय होईल काय, अशी त्यांत विचारणा होती. वाइल्डर यांनीं उत्तराबरोबर ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला. म्हणजे दार होतें, पण त्याला अट होती. गोपाळरावांना ती मान्य नव्हती. प्रकरण तेथेंच संपावयाचें.

तें संपलें नाहीं, याचें कारण एक दांतांचा दवाखाना. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल या गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताला लागलेलें तें मासिक त्यांनीं चाळलें. एक हिंदु तरुणी शिकूं इच्छिते आणि तिला धर्म बदलण्यास सांगण्यांत येतें, हें वाचून त्यांना राहवलें नाहीं. त्यांनीं थेट त्या तरुणीला पत्र लिहिलें. १८८० सालीं या दोन अनोळखी स्त्रियांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सण, व्रतें, बालविवाह, अन्न, पोषाख, आजार अशा घरगुती गोष्टी त्यांत होत्या. आनंदीबाईंचें डोकें दुखे, बारीक ताप येई, दम लागे. तें कळल्यावर कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधेंहि पाठविलीं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. पत्र पोंचून उत्तर येईपर्यंत महिने जात. न पाहिलेल्या माणसाशीं असें नातें जडणें, हें पत्रांच्या काळींच शक्य होतें असें कोणी म्हणेल. खरें तर तें कोणत्याहि काळीं विरळाच.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहांत आनंदीबाईंनीं आपला बेत जाहीरपणें मांडला. हें श्रीरामपूर बंगालमधील. गोपाळराव तेव्हां तेथें नोकरीस होते. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, हा त्यांच्या भाषणाचा निष्कर्ष. ७ एप्रिल रोजीं मिशनरी स्त्रियांच्या सोबतीनें त्या कलकत्त्याहून निघाल्या. गोपाळराव मागें राहिले. बरोबर एकहि नात्याचें माणूस नव्हतें. ४ जून १८८३ रोजीं आगबोट न्यू यॉर्कच्या बंदरास लागली. ब्रुकलिनचा प्रचंड पूल खुला होऊन त्या वेळीं अवघे अकरा दिवस झाले होते. धक्क्यावर मावशी उभ्या होत्या. तीन वर्षें अक्षरांतून ओळखलेलें माणूस त्या दिवशीं प्रथम डोळ्यांनीं दिसलें.

रोझेल हें त्या काळीं आगगाडीच्या रस्त्यावरचें एक लहानसें गांव होतें. त्याचें नांव विद्युच्छास्त्राच्या इतिहासांत आहे. १९ जानेवारी १८८३ रोजीं एडिसननें येथें खांबांवरून तारा नेऊन गांवाला विजेचे दिवे पुरविण्याची योजना प्रथम चालू केली. म्हणजे कल्याण-संगमनेरकडे समईच्या उजेडांत वाढलेली ही तरुणी पोंचली ती अमेरिकेंतील एका खेड्यांत, आणि तेथें वीज आली होती. पण या घराचें अपूर्वत्व दिव्यांत नव्हतें. पाहुणीनें लुगडें नेसावें, कुंकू लावावें, शाकाहार सोडूं नये आणि आपल्या देवाला आपल्या रीतीनें स्मरावें, यांत घरांतील कोणालाहि कांहीं कमी-जास्त वाटलें नाहीं. कार्पेंटर कुटुंब श्रीमंत नव्हतें. त्यांच्या पाठीशीं संस्था नव्हती, फंड नव्हता. वाइल्डर यांनीं जी अट घातली होती, ती या घरानें घातली नाहीं, एवढीच त्याची थोरवी. आणि ती लहान नव्हे.

२८ जून रोजीं रोझेलहूनच आनंदीबाईंनीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशाचा अर्ज धाडला. वय अठरा, इंग्रजी शिक्षण बरेंचसें घरगुती. तरी अर्जांत दीनवाणेपणा नव्हता. स्वजनांचा आणि जातीचा विरोध पत्करून येथवर आणणारा निश्चयच पुढचा मार्ग काढण्यास मदत करील, असा त्याचा सूर होता. अर्ज मंजूर झाला. सप्टेंबर संपतां संपतां रोझेलचा मुक्काम आटोपला.

जवळजवळ चार महिन्यांच्या त्या मुक्कामाचा शेवटचा दिवस हा या कथेचा खरा कणा आहे. मराठी घरांतून लेक सासरीं निघते तेव्हां तिची ओटी भरतात, हातावर दहीं घालतात. निघणारें माणूस ‘जातें’ असें कधीं म्हणत नाहीं. तें ‘येतें’ म्हणतें, आणि घरांतलीं माणसें ‘ये’ म्हणतात. एका अक्षराच्या फरकांत आपल्या भाषेनें केवढी माया सांठविली आहे! रोझेलच्या इंग्रजी बोलणाऱ्या घराला असा शब्द नव्हता. शब्द नव्हता, पण कृति होती. कार्पेंटरबाई पाहुणीला स्टेशनावर सोडून परतल्या नाहींत. त्या तिच्याबरोबर फिलाडेल्फियापर्यंत गेल्या.

तेथील पहिलें बिऱ्हाड सुखाचें नव्हतें. खोलीची आगटी सदोष होती. ती पेटे तेव्हां खोलींत धूर कोंडे आणि न पेटविली तर थंडीनें हाडें गोठत. आधींच नाजुक असलेल्या प्रकृतीवर त्या हिवाळ्यानें घाव घातला. पुढें महाविद्यालयाच्या मुख्य अधिकारी डॉ. रेचेल बॉडली यांनीं त्यांना आपल्या घरीं नेलें, तरी झालेली हानि भरून आली नाहीं. येथें एक प्रश्न मनांत येतोच. रोझेलच्या मायेनें तिला थोडें अडवून ठेविलें असतें तर? एक वर्ष प्रकृति सुधारूं दिली असती तर?

प्रश्न साहजिक आहे. पण तो विचारणाऱ्यानें हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, त्या तरुणीला आयुष्यभर अडविणारेच भेटले होते. कोणी रूढीच्या नांवानें अडविलें, कोणी धर्माच्या, कोणी काळजीच्या. शिंगणापुरांत घरांना दारें नव्हतीं, तरी शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना चढण्यास मज्जाव होता. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ८ एप्रिल २०१६ रोजीं तो उठला. दार नसलें म्हणजे अडसर नसतो असें नाहीं. कार्पेंटरबाईंनीं आंत येतांना अट घातली नाहीं आणि बाहेर जातांना मायेचा अडसर घातला नाहीं. पाहुण्याला आंत घेणें पुष्कळांना जमतें; ज्या कामासाठीं तो आला त्या कामाकडे त्याला जाऊं देणें थोड्यांना जमतें.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई एम. डी. झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या; गोपाळराव आदल्याच वर्षीं अमेरिकेस येऊन पोंचले होते. कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा देऊं केली. सर्व मनासारखें झालें, फक्त शरीरानें साथ सोडली. क्षय बळावत होता. ९ ऑक्टोबर १८८६ रोजीं न्यू यॉर्कच्या बंदरांतून ‘एट्रुरिया’ या आगबोटीनें पतिपत्नी स्वदेशीं निघालीं. पहिल्या निरोपाच्या वेळीं मध्यें एक आगगाडी होती. आतां महासागर होता. तीन वर्षांपूर्वीं धक्क्यावरून जिला घरीं नेली, तिला त्याच बंदरांतून परत पाठवावयाची, तीहि दुखणाईत. ही भेट बहुधा शेवटची, हें उभयतांना न उमजण्याजोगें नव्हतें.

१६ नोव्हेंबर रोजीं बोट मुंबईस आली. हवापालट, वैद्यांचे काढे, डॉक्टरांचीं औषधें यांपैकीं कशाचा उपयोग झाला नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत आनंदीबाईंनीं देह ठेविला. बाविसावें वर्ष पुरें होण्यास महिना उरला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांना एक दिवसहि काम करतां आलें नाहीं.

यानंतर गोपाळरावांनीं एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनीं पत्नीची रक्षा थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठविली. हिंदु माणसाची रक्षा गंगेंत जावयाची, गोदेंत जावयाची. ही रक्षा समुद्र ओलांडून गेली. गोपाळरावांच्या अनेक कृत्यांवर लोकांनीं टीका केली आहे, आणि तिच्यांत पुष्कळ तथ्यहि आहे. पण या एका कृत्याचें मर्म कळण्यास रोझेलचें घर डोळ्यांपुढें आणावें लागतें. बाईंना माहेर होतें, सासर होतें. त्या दोहोंच्या जोडीला एक मावशीचें घरहि होतें, हें त्या नवऱ्यानें ओळखलें. न्यू यॉर्क संस्थानांत हडसन नदीकांठीं पोकीप्सी म्हणून गांव आहे. तेथील स्मशानभूमींत कार्पेंटरबाईंच्या घराण्याची जागा होती. त्या जागेंत ती रक्षा ठेवण्यांत आली. विद्या संपादन करण्यासाठीं हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा लेख तेथील शिळेवर आहे. आप्तांच्या ओळींत आप्त म्हणून ती शिळा उभी आहे.

पुढें १८८८ सालीं कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेनें आनंदीबाईंचें इंग्रजी चरित्र लिहिलें. मराठींत काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलें. १९६८ सालीं श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदीगोपाळ’ या कादंबरीनें हीं नांवें घरोघर नेलीं. या सर्व लेखनांत मावशी येतात, पण बाजूला उभ्या राहतात. कारण त्यांनीं पदवी मिळविली नाहीं, भाषण केलें नाहीं. त्यांनीं एक पत्र लिहिलें, एक खोली रिकामी केली, एका मुलीला शिकावयास पोंचविलें आणि अखेर तिची रक्षा आपल्या पूर्वजांच्या शेजारीं ठेविली.

अशीं देवघेव एकाच दिशेनें होत नसते, हेंहि नगर जिल्ह्याला ठाऊक आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आली, पुढें अहमदनगरास जाऊन तिनें मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ सालीं तेथेंच तिनें देह ठेविला. जोतीराव फुले यांनीं तिची शाळा पाहिली होती. तिची माती नगरास, आणि संगमनेरच्या सुनेची रक्षा पोकीप्सीस. दोन्ही देशांनीं एकमेकांकडे आपलें एकेक माणूस ठेविलें आहे.

रोझेल सोडतांना आनंदीबाईंच्या तोंडीं कोणते शब्द आले असतील ते असोत. त्या मराठी घरांतल्या होत्या. निघतांना ‘येतें’ म्हणावयाची रीत त्यांच्या हाडीं मुरलेली होती. चार वर्षांनीं, मूठभर राखेच्या रूपानें कां होईना, ती रीत पाळली गेली. मावशींनीं दार उघडेंच ठेविलें होतें.