एक वास्तू, दोन दुकाने

नाशिकच्या गंगापूर रोडवर वावरणाऱ्या आम्हा मंडळींना, एका छपराखाली सर्व वस्तू विकणारे दुकान हे मॉलच्या युगाचे अपत्य वाटते. वास्तविक त्याची पाळेमुळे वसाहतकाळात आहेत. १८८२ साली कलकत्त्यात सुरू झालेल्या 'व्हाइटअवे, लेडलॉ' कंपनीचे मुंबईतील दालन हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर होते. विलायती माल आणि रोखीचा व्यवहार हा तिचा बाणा. उधारी नसल्यामुळे तिच्या नावावर श्लेष करून लोक तिला 'राइट-अवे अँड पेड-फॉर' म्हणत.

१९४६ साली त्याच वास्तूत खादी भांडार आले. १९२१ मध्ये परळला विलायती कापडाची होळी पाहिलेल्या शहरात, स्वातंत्र्याच्या एक वर्ष आधीच, गल्ल्यावरचे सत्तांतर झाले.

पारंपरिक दुकानांच्या ऱ्हासाचे खापर आपण सहसा नव्या स्पर्धकावर फोडतो. येथे मात्र तसे म्हणता येत नाही. १९५४ पासून भांडार चालवणाऱ्या संस्थेचे खादी प्रमाणपत्र २०२२ मध्ये खादी आयोगाने रद्द केले. तेथे अस्सल नसलेली खादी विकली जात असल्याचा आयोगाचा ठपका होता.

व्हाइटअवे विलायतीला विलायती म्हणूनच विकत होती. खादीच्या बाबतीत ग्राहक कापडासोबत हातसुताचा शब्दही विकत घेतो. तो शब्द खोटा ठरला, तर दार उघडे असूनही भांडार बंद पडलेले असते, असे आम्हाला वाटते.