उपवासकाळ आणि पादप्रक्षालन

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, रविवार वगळता चाळीस दिवसांचा काळ ख्रिस्ती धर्मात उपवासकाळ म्हणून पाळला जातो. गोव्यातील कोकणीत त्याला ‘कोरेझ्म’ म्हणतात. हे पोर्तुगीज ‘क्वारेझ्मा’चे रूप. येशूने अरण्यात उपवास करीत काढलेल्या चाळीस दिवसांचे हे स्मरण. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार तेथे सैतानाने दाखविलेले अखेरचे आमिष भाकरीचे नव्हे, तर जगातील सर्व राज्यांचे होते. येशूने ते नाकारले. उपवास म्हटला की सामिष आहाराचा त्यागच आधी आठवतो. सत्तेचा हा नकार सहसा मागे पडतो.

पवित्र गुरुवारी त्याला दृश्य रूप मिळते. अखेरच्या भोजनप्रसंगी येशूने कमरेला टॉवेल गुंडाळला, घंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुतले. पायी चालून धुळीने माखलेले पाय धुणे हे त्या काळी दासाचे काम. म्हणूनच पेत्राने प्रथम पाय पुढे करण्यास नकार दिला. हा प्रसंग केवळ योहानाने सांगितला आहे. लूकच्या वृत्तांतात त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांमध्ये श्रेष्ठ कोण, यावर वाद झाल्याचा उल्लेख आहे, तो येथे लक्षात घेण्याजोगा.

पुढे हा विधी राजदरबारीही गेला. इंग्लंडचे राजे गरिबांचे पाय धूत. कालांतराने ती प्रथा मोडली आणि नाणी वाटण्याचा समारंभ तेवढा उरला. व्हिएन्नात हॅब्सबर्ग सम्राट बारा वृद्धांचे पाय धूत. वर्षातून एकदा वाकणाऱ्या सम्राटाचे सिंहासन त्यामुळे तसूभरही हलत नसे, हेही खरे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, निवडीनंतर अवघ्या दोन आठवड्यांत, रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. याहून कठीण प्रसंग ११ एप्रिल २०१९ चा, तोही उपवासकाळातलाच. दक्षिण सुदानमध्ये २०१३ पासून यादवी पेटली होती. २०१८ चा शांतता करार डळमळीत होता. अध्यक्ष साल्वा कीर, त्यांचे प्रतिस्पर्धी रीक मचार आणि अन्य नेत्यांना व्हॅटिकनमध्ये दोन दिवसांच्या प्रार्थनेसाठी बोलावण्यात आले. शेवटी ८२ वर्षांचे पोप, पायदुखी असतानाही, आधार घेत खाली वाकले आणि त्यांनी एकेका नेत्याच्या पायांचे चुंबन घेऊन शांतता राखण्याची विनवणी केली. येथे पाय गरिबांचे नव्हते. ज्यांच्या सैन्यांनी गावे जाळली, त्यांचे होते. पोपच्या पदाला हे शोभते काय, असा आक्षेप घेतला जाणे स्वाभाविकच होते. पेत्राचा आक्षेपही याच जातीचा.

फेब्रुवारी २०२० मध्ये कीर आणि मचार यांचे संयुक्त सरकार आले. २०२३ मध्ये पोप स्वतः जुबाला गेले. मार्च २०२५ मध्ये, पुन्हा उपवासकाळातच, मचार यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. २१ एप्रिल रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले.