रकाने कोण आखतो? गाव नमुना सातपासून ब्राउझरमधल्या फॉर्मपर्यंत

१/ कोड न लिहिता, ब्राउझरच्या खिडकीतच रकाने मांडून संपूर्ण वेब ॲप्लिकेशन उभे करणारी साधने आज विद्यार्थीही सहज वापरतात. या साधनांचा इतिहास सांगताना बहुधा कॅलिफोर्नियापासून सुरुवात केली जाते. मित्रहो, आजच्या धाग्याची सुरुवात मात्र पनवेलच्या तलाठी सज्ज्यातून करू. कारण प्रश्न यंत्राचा नंतर येतो. त्याआधी तो रकान्याचा आहे.

२/ मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत सुरू झाली. पुढे एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली हिशेबांच्या मार्गदर्शिकेने गावपातळीवरील दप्तराला शिस्त लावली. गावचा सगळा व्यवहार क्रमांक दिलेल्या नमुन्यांत बसवला गेला. नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही, आठ-अ म्हणजे खातेदाराची खतावणी. सात आणि बारा एकाच कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द घराघरांत पोचला.

३/ आजच्या संगणकशास्त्राच्या नजरेने या दप्तराकडे पाहिले तर थक्क व्हायला होते. प्रत्येक नमुन्याचे रकाने ठरलेले. सातवरच्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. तो धरून नमुना सहामध्ये गेलात की ते नाव तिथे का आले हे कळते. एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील नोंदीकडे बोट दाखवते. एडगर कॉड यांनी संबंधित तक्त्यांची उपपत्ती मांडली १९७० मध्ये. तलाठी हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून बोरू-दौतीने करत होते, उपपत्तीशिवाय.

४/ आता या रकान्यांत काय पणाला लागले होते ते पाहा. जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव भोगवटादाराच्या रकान्यात नसे; ते ‘इतर अधिकार’ या रकान्यात जाई, तेही नोंदले गेले तर. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. ज्याचे नाव कागदावर होते त्याला हक्क दाखवणे सोपे गेले. ज्याने पिढ्यानपिढ्या कसले पण ज्याची नोंद झाली नाही, त्याला पुरावे गोळा करत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.

५/ पनवेलकरांना हाच धडा दुसऱ्यांदा मिळाला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावरच्या नावावर उभा राहिला. पण खाडीत जाळे टाकणारा, मिठागरावर राबणारा, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारा माणूस कुठल्या रकान्यात लिहायचा? त्याचे जगणे त्याच जमिनीवर आणि पाण्यावर होते, पण नमुना सातला ते दिसत नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेल भागात झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. इथे इतकेच नोंदवू, की नमुना आखणाऱ्याच्या मनात जे नव्हते ते नोंदीतही आले नाही.

६/ संगणक आला तेव्हा हीच सत्ता तलाठ्याच्या दप्तरातून प्रोग्रॅमरच्या हाती गेली. १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावांतील पतपेढ्या, गिरण्या, औषधांची दुकाने यांच्यासाठी कुणीतरी हुशार मुलगा फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहून देई. काम उत्तम चाले. पण पावतीवर एक नवा रकाना हवा असला की त्या मुलाची वाट पाहावी लागे, आणि तो पुण्या-मुंबईला नोकरीला गेला की रकाना कायमचा राहून जाई.

७/ ‘ज्याला गरज आहे त्यानेच साधन घडवावे’ हे स्वप्न जुने आहे. १९८७ मध्ये ॲपलने बिल ॲटकिन्सन यांचे हायपरकार्ड बाजारात आणले. पडद्यावर पत्त्यांची चळत, प्रत्येक पत्त्यावर हवी तशी बटणे आणि जागा. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक आले. त्याची दृश्य बाजू ॲलन कूपर यांच्या एका प्रयोगातून जन्मली होती. खिडकीवर बटण ओढून ठेवा, त्यावर दोनदा क्लिक करा आणि मागचे दोन ओळींचे काम लिहा. मात्र हे सारे एका संगणकापुरते होते. शेजारच्या टेबलावर तेच ॲप हवे तर फ्लॉपी घेऊन जावे लागे.

८/ ब्राउझरने ही अडचण सोडवली, पण सावकाश. १९९५ च्या एचटीएमएल २.० या प्रमाणात फॉर्म होता. तो भरता येई, पण त्याच्यावर बसून दुसरा फॉर्म घडवणे कठीण होते, कारण दर क्लिकला पूर्ण पान नव्याने यायचे. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गुगल मॅप्स आले, तेव्हा पान न बदलता पानाचा तुकडा बदलता येतो हे जगाने पाहिले. जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये या तंत्राला ‘एजॅक्स’ असे नाव दिले. ब्राउझर हे आता नुसते वाचनाचे साधन उरले नाही.

९/ पुढची दोन वर्षे विलक्षण होती. कॅनडातील डॅबल डीबीमध्ये स्प्रेडशीटचा मजकूर चिकटवला की त्यातून एकमेकांशी जोडलेले तक्ते तयार होत. चेन्नईच्या ॲडव्हेंटनेट कंपनीने, म्हणजे आजच्या झोहोने, २००६ मध्ये झोहो क्रिएटर आणले. अमेरिकेत कॉगहेड निघाले. याहूच्या पाइप्समध्ये २००७ पासून माहितीचे नळ दोऱ्यांनी जोडता येऊ लागले. कारकुनालाही ॲप बनवता येईल, अशी ग्वाही सगळीकडून मिळत होती.

१०/ आणि मग दुकाने बंद होऊ लागली. फेब्रुवारी २००९ मध्ये कॉगहेडने गाशा गुंडाळला आणि तिचे तंत्रज्ञान सॅपकडे गेले. ग्राहकांना माहिती उचलायला काही आठवड्यांची मुदत मिळाली. माहिती हाती आली, पण ॲप चालायला कॉगहेडचेच यंत्र लागत होते आणि तेच उरले नव्हते. डॅबल डीबी २०१० मध्ये ट्विटरने विकत घेतले आणि पुढच्या वर्षी ते बंद झाले. पाइप्स २०१५ मध्ये गेले. गुगलसारख्या बलाढ्य कंपनीचे ॲप मेकरही १९ जानेवारी २०२१ रोजी संपले. या क्षेत्राच्या बहुतेक इतिहासांत ही यादी तळटीपेत असते. माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. फॉक्सप्रोवाला मुलगा गाव सोडून गेला तरी त्याचा प्रोग्रॅम दुकानातल्या संगणकावर चालू राहत होता. इथे तर प्रोग्रॅमच गाव सोडून गेला.

११/ याच काळात मुंबईत एक निराळी वाट घडत होती. ऋषभ मेहता हे शिक्षणाने औद्योगिक अभियंता. कुटुंबाच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी तयार ईआरपी प्रणाली बसवण्याचा प्रयत्न फसल्यावर त्यांनी स्वतःच ती लिहायला घेतली. २००५ च्या सुमारास त्यांच्यापुढे ‘सिमँटिक वेब’ ही कल्पना होती, जी टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लोकांसमोर मांडली होती: मजकूर कसा दिसतो याबरोबर तो काय आहे, नाव आहे की पत्ता की तारीख, हेही यंत्राला सांगितले पाहिजे. त्यातून आज फ्रॅपे फ्रेमवर्क म्हणून ओळखली जाणारी चौकट आणि तिच्यावर उभे राहिलेले ईआरपीनेक्स्ट जन्मले.

१२/ फ्रॅपेचा गाभा ‘डॉकटाइप’ या एका कल्पनेत आहे. मराठीत त्याला बिनदिक्कत ‘नमुना’ म्हणावे, गाव नमुना म्हणतो तसाच. ब्राउझरमध्ये नवा नमुना उघडायचा, त्याला नाव द्यायचे, रकाने मांडायचे: हा मजकूर, ही तारीख, हा आकडा, आणि हा ‘दुवा’, म्हणजे दुसऱ्या नमुन्यातील नोंदीकडे दाखवलेले बोट. जतन करा म्हटले की डेटाबेसमध्ये तक्ता तयार होतो, भरायचा फॉर्म तयार होतो, यादी तयार होते आणि कोणी पाहावे, कोणी बदलावे याचे अधिकारही तिथेच ठरवता येतात. बिलाच्या आतल्या ओळी असतात, तसा नमुन्याच्या पोटात दुसरा नमुनाही बसतो. अलीकडच्या आवृत्त्यांत रकाने ओढून जागेवर ठेवता येतात. आधी ते एकाखाली एक ओळीने लिहावे लागत.

१३/ यातला सर्वांत देखणा भाग सहज नजरेतून सुटतो. नमुना घडवण्याचा जो फॉर्म आहे, तो स्वतःही एक डॉकटाइपच आहे. रकान्याचे वर्णनही रकान्यांतच राहते. म्हणजे चौकट स्वतःचेच दप्तर त्याच दप्तरी पद्धतीने ठेवते. तलाठ्याकडे प्रत्येक गोष्टीची नोंद होती, पण ‘नमुना सातमध्ये कोणते रकाने असावेत’ याची नोंदवही सज्ज्यात नव्हती. ती सरकारकडे होती. फ्रॅपेत ती वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच उघडते.

१४/ दुसरा निर्णय मला याहून मोठा वाटतो. चौकट एमआयटी परवान्याने आणि ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्याने सर्वांना खुले केले गेले. विकसकाच्या पद्धतीने नमुना घडवला तर त्याचे वर्णन जेएसॉनच्या साध्या मजकूर फाइलीत उतरते. ती जपता येते, कालच्या आणि आजच्या नमुन्यात काय बदलले ते ताडून पाहता येते, दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते. उद्या कंपनी राहिली नाही तरी तळोजा औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखानदार आपला सर्व्हर स्वतः चालवू शकेल. कॉगहेडच्या ग्राहकांकडे नेमके हेच नव्हते.

१५/ कौतुक इथे थोडे आवरते घेतले पाहिजे. फ्रॅपेच्या निर्मात्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की ही चौकट कच्च्या दिलाच्या माणसासाठी नाही, आणि वेब प्रोग्रॅमिंग नुकतेच शिकू पाहणाऱ्याने हिच्यापासून सुरुवात करू नये. रकाने ओढून मांडता येतात. पण व्याज कसे मोजावे, माल परत आला तर साठा कसा वळता करावा, हे शेवटी कुणीतरी पायथनमध्ये लिहावेच लागते. ‘प्रोग्रॅमरची गरजच नाही’ ही जाहिरात व्हिज्युअल बेसिकच्या काळीही अर्धीच खरी होती. जे खरोखर बदलले ते एवढेच: पावतीवरचा तो राहून गेलेला रकाना आता दुकानातला माणूस दुपारच्या जेवणाआधी स्वतः घालू शकतो.

१६/ आणि कोणता रकाना घालायचा, हे सांगणारे साधन अजून कुणी बनवलेले नाही. मच्छीमार संस्थेने सभासदांचा नमुना आखला आणि त्यात फक्त होडीचा मालक लिहायला जागा ठेवली, तर होडीवरचा खलाशी आणि बाजारात मासळी विकणारी त्याची बायको १९७० मध्ये जशी अदृश्य होती तशीच राहील, फक्त या वेळी सुबक दिसणाऱ्या पडद्यावर.

१७/ खुद्द सातबाराही ब्राउझरमध्ये आला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आता घरबसल्या मिळतो. २०२० मध्ये राज्य सरकारने त्याच्या मांडणीत दीर्घ काळानंतर सुधारणा केली: गावाच्या नावाबरोबर संकेतांक आला, क्षेत्राचे एकक छापले जाऊ लागले, दोन खातेदारांच्या नावांमध्ये रेघ आली. त्या रेघेसाठी शासन निर्णय काढावा लागला. कुळाचे नाव अजूनही ‘इतर अधिकार’ याच रकान्यात लिहिले जाते.